छापील अक्षर आणि बिनतारी लहर



आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. घरातले छपाईयंत्र, ज्याला आपण सारे प्रिंटर म्हणतो, ते घरातल्या बिनतारी जाळ्याला, म्हणजे वायफायला, जोडणे. एवढ्याशा गोष्टीत इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. परंतु या दोन यंत्रांच्या भेटीमागे दोन दीर्घ कहाण्या आहेत. एक अक्षर छापण्याची आणि दुसरी तारेवाचून निरोप धाडण्याची. या दोन्ही गोष्टी एके काळी सरकारच्या परवानगीवाचून करता येत नव्हत्या. ही परवानगी कशी सुटत गेली, आणि सुटल्यावर घरच्या माणसांवर कोणती जबाबदारी येऊन पडली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम अक्षराकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्याला लेखनाची परंपरा नवी नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी आपला पंचीकरणाचा ग्रंथ लिहून काढला. कागद सहजी हाती येत नव्हता, अशा काळातले हे काम. त्या पासोडीची प्रत हवी असेल तर दुसऱ्या कोणी बसून ती अक्षर अक्षर उतरवून घ्यावी, याखेरीज मार्ग नव्हता. ज्ञान होते, लिहिणारे हात होते. एकाच्या शंभर प्रती करण्याचे साधन मात्र नव्हते.

ते साधन मराठी मुलखात रुजले ते मुंबईत. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले आणि पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला हात लावू नये, असे मानणारी घरे त्या काळी पुष्कळ होती. छापील पंचांग देवघराच्या कोनाड्यात विसावले, तेव्हा ही शंका हळूहळू मावळली. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी अक्षराला असे देखणे वळण दिले की, त्याची कीर्ती देशभर झाली.

मुंबई-पुण्यात हे घडत असताना आपला जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू आणि मराठी ही रयतेच्या घरातली भाषा. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव जुन्या पिढीच्या तोंडी असे. सार्वजनिक सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी, असा तो फतवा होता. आज आपण जशी ही व्याख्यानमाला भरवली आहे, तशी त्या काळी भरवावयाची म्हटली असती तर पहिली पायरी परवानगीच्या अर्जाची असती. वृत्तपत्रांची गतही वेगळी नव्हती. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. त्यावर बंदी आली, आणि नावे बदलून अंक काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. छापखाना म्हणजे लाकूड, लोखंड आणि शिशाचे खिळे. तो लपवता येत नाही. म्हणूनच छापखान्यावर नजर ठेवणे हे राज्यकर्त्यांना सोपे जाते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, तेव्हा मराठवाड्यातील छापील मराठी अक्षराच्या पायातली ही बेडी तुटली.

आता लहरीची कहाणी. लहर दिसत नाही, तिला कुंपण घालता येत नाही. म्हणून तिच्यावर सत्ता चालणार नाही, असे वाटावे; पण घडले उलटेच. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून भिंतीपलीकडे ठेवलेली घंटा बिनतारी लहरीने वाजवून दाखवली. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडून संदेश मिळवल्याचे जाहीर केले. सरकारांनी या शक्तीचे मोल तत्काळ ओळखले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा झाला आणि परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही अपराध ठरला.

या कायद्याला सर्वांत धीट आव्हान मुंबईतून मिळाले. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात, पुढारी तुरुंगात गेल्यावर, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांचा ससेमिरा चुकवीत जागा बदलत ते केंद्र बोलत राहिले. नोव्हेंबरात ते पकडले गेले आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. इकडे हैदराबादेत निजामाचे स्वतःचे ‘डेक्कन रेडिओ’ केंद्र होते. लहर तीच, एकीकडे ती बंडखोराच्या हाती, तर दुसरीकडे दरबाराच्या.

स्वातंत्र्यानंतरही लहरीचा परवाना संपला नाही. घरात रेडिओ असला की टपाल कचेरीत दरसालची फी भरावी लागे. बोलण्यासाठीच नव्हे, तर नुसते ऐकण्यासाठीही हा परवाना होता. घरगुती रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचावरचा हा परवाना रद्द झाला तो १९८५ मध्ये. स्वातंत्र्यानंतर अडतीस वर्षांनी, हे ध्यानात घ्यावे.

या दोन कहाण्या एकमेकींना कोठे भेटल्या, हा आता प्रश्न. त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. प्रिंटर हा संगणकाच्या जाळ्यात मागाहून आलेला पाहुणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९७१ मध्ये प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील यंत्रे बिनतारी लहरींनी मुख्य संगणकाशी जोडली. सर्वांना लहर एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही निरोप एकमेकांत मिसळून बिघडत. मग प्रत्येकाने थोडे थांबावे, किती थांबावे ते नशिबावर सोडावे आणि पुन्हा बोलावे, असा साधा नियम त्यांनी घातला. गावच्या चावडीवर दोघे एकदम बोलू लागले म्हणजे समंजस माणसे जे करतात, तेच हे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लेसर किरणांनी छापणारे यंत्र तयार झाले होते. ते मोठे आणि महाग. प्रत्येक मेजावर एक ठेवणे अशक्य. तेव्हा अनेक संगणक त्या एका यंत्राला कसे जोडावेत, असा प्रश्न पडला. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी हवाई बेटांवरचा नियम उचलला, आणि बोलण्यापूर्वी दुसरा कोणी बोलत आहे काय ते ऐकावे, अशी त्यात भर घातली. मात्र लहरीऐवजी तार वापरली. हेच ईथरनेट. म्हणजे आजच्या घरोघरीच्या जाळ्याचा हा पूर्वज, एका छपाईयंत्रात सर्वांना वाटा मिळावा यासाठीही जन्माला आला. कल्पना बिनतारी जगातून आली, तारेत शिरली, आणि पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा तारेबाहेर पडली.

ती बाहेर पडली तीही परवानगी उठल्यावरच. १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरपट्टे परवान्यावाचून अशा दळणवळणासाठी मोकळे केले. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे पहिले सर्वमान्य प्रमाण ठरले आणि १९९९ मध्ये वायफाय हे नाव रूढ झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त करणारे नियम निघाले ते जानेवारी २००५ मध्ये. आज बीड, परळी किंवा माजलगावच्या घरात एक पेटी लुकलुकते आणि तिच्यासाठी कोणी टपाल कचेरीत जात नाही, याचे मूळ त्या नियमांत आहे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येऊ. घरातली ती पेटी, म्हणजे राउटर, हा घरचा वाटाड्या. त्याच्या जाळ्यात येऊ इच्छिणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: जाळ्याचे नाव आणि परवलीचा शब्द. फोनला पडदा आहे, त्यावर हा शब्द लिहिता येतो. पुष्कळ प्रिंटरांना पडदा नसतो, म्हणजे बोलायला तोंडच नाही. अशा मुक्याला शब्द सांगण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, एकदाच तारेने संगणकाला जोडून शब्द त्याच्या स्मृतीत भरावा. दुसरी, राउटरवरील आणि प्रिंटरवरील जोडणीचे बटण दोन मिनिटांच्या आत एकामागून एक दाबावे. दोघे आपसांत ओळख करून घेतात. तिसरी, प्रिंटर स्वतःचे तात्पुरते जाळे उभे करतो, फोन त्यात शिरतो आणि घरच्या जाळ्याचा शब्द त्याच्या कानात सांगतो.

यात अडचणी येतात त्या बहुधा ठरलेल्या. पुष्कळ साध्या प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचीच लहर कळते. पाचाची लहर त्यांच्या लेखी नाहीच. तेव्हा जाळे दिसत नसेल तर राउटरवर २.४ ची लहर चालू आहे की नाही ते पाहावे. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. पाचाच्या लहरीची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून अधिक बरी पार होते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या जाड भिंती असतात. तेथे राउटर आतल्या खोलीत आणि प्रिंटर ओसरीवर ठेवला तर लहर वाटेतच दमते.

दुसरी अडचण वीज जाण्याची. राउटर प्रत्येक यंत्राला घरक्रमांकासारखा एक आकडा देतो. वीज जाऊन आली की हे आकडे कधी बदलतात. फोन जुन्या पत्त्यावर हाक मारीत राहतो आणि प्रिंटर नव्या घरात गेलेला असतो. अलीकडची यंत्रे जाळ्यात आल्यावर ‘मी येथे आहे’ अशी दवंडी देतात, त्यामुळे बहुतेक वेळी काम भागते. न भागल्यास राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आकडा कायमचा राखून ठेवावा. आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवले असेल, तर त्या जाळ्यातून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही. तो यंत्राचा दोष समजू नये.

हे सारे आपल्या जिल्ह्याला कशासाठी महत्त्वाचे? कागदासाठी. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. जो उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून, त्याच्या सवडीने, हाती येत असे, तो आता आपल्या यंत्रातून निघू शकतो. दरसाल दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या मुलांचे शाळेचे दाखले, शिधापत्रिका, पीकविम्याचे अर्ज, परीक्षेची प्रवेशपत्रे, प्रत्येक ठिकाणी कागद लागतो, आणि तोही निघण्यापूर्वीच्या घाईत. गल्लीत एका घरी चालू प्रिंटर असला तर दहा घरांची तालुक्याची खेप आणि बुडणारा रोज वाचतो.

मात्र सरकारी कुलूप निघाले की आपले कुलूप आपणच लावावे लागते. ज्या यंत्रातून शेजाऱ्याचे आधारपत्र निघते, त्या यंत्राचे जाळे उघडे टाकणे म्हणजे त्याच्या घराची किल्ली रस्त्यावर ठेवणे होय. राउटरवरचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा. प्रिंटरच्या स्वतःच्या मांडणीला शब्द लावता येत असेल तर तोही लावावा. आकडा टाकून जोडण्याची जी एक रीत राउटरवर असते, तिचे कुलूप सहज उघडते असे २०११ मध्येच सिद्ध झाले. ती बंद ठेवणे बरे. छापून झालेल्या कागदाची फाईल दुसऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर मागे राहू देऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. काही प्रिंटर असे विकले जातात की, उत्पादकाच्या दूरच्या संगणकावर खाते उघडल्यावाचून ते चालू होत नाहीत, आणि त्याच कंपनीची शाई नसेल तर अक्षर उमटवत नाहीत. यंत्र आपल्या घरात, वीज आपली, कागद आपला. पण छापावे की नाही हे ठरवणार दुसराच. सभेचा परवाना गेला, छापखान्यावरची बंदी गेली, रेडिओची फी गेली, आणि परवानगी मात्र वेष पालटून मागल्या दाराने घरात आली, असे होता कामा नये. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. बाहेरचे इंटरनेट बंद असताना हे घरच्या जाळ्यावर छापील काय? आणि दुसऱ्याची शाई त्याला चालेल काय?

दासोपंतांना कापडावर लिहिण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागली नाही. त्यांना उणीव होती ती साधनाची. आज साधन स्वस्त झाले आहे. ते आपल्याच हाती राहावे, आणि ज्याच्या घरी ते नाही त्याच्याही उपयोगी पडावे, एवढी दक्षता आपण बाळगली पाहिजे.