लोणच्यातला ओला चमचा आणि कोरफडीची डबी

मंडळी, परवा शिरूरच्या बाजारात ओळखीच्या एका ताई भेटल्या. बचत गटातून कोरफडीचं जेल करून विकायच्या. डबीवर लेबल, ‘केमिकलमुक्त’. पावसाळ्यात डब्या परत आल्या, आत काळी बुरशी. घातलेलं भांडवल गेलं. “भाऊ, आम्ही वाईट काहीच घातलं नव्हतं हो,” म्हणाल्या. टिकण्यासाठी काही घातलं नव्हतं, तिथंच गोची झाली. म्हणून हा थोडा इतिहास.

आपल्या आज्या काय वापरायच्या? उटणं, शिकेकाई, मुलतानी माती, सगळं कोरडं. खोबरेल तेल आणि तुपातलं काजळ, त्यात पाणी नाही. पाणी नसलं की जंतू वाढत नाहीत. उटणं भिजवायचं ते अंघोळीपुरतं. दौंडकडच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप महिनोन् महिने टिकते, उसाचा रस मात्र काही तासांत आंबतो. हिशेब तोच. लोणच्यात ओला चमचा घातला की आजी ओरडायची, ते उगाच नव्हे.

मग डबीतली क्रीम आली. मुंबईत पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’ १९१९ चा. १९५२ मध्ये परळला केशव पेंढरकरांनी विको सुरू केली, ती दंतमंजनाच्या पावडरीवर. हळदीची क्रीम नंतरची. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकत्र, वर रोज बोट बुडणार. ती टिकवायला जगभर पॅराबेन वापरात आले, १९२० च्या दशकापासून.

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले. त्यांच्यामुळे कर्करोग होतो हे त्यात सिद्ध झालं नव्हतं, पण भीती पसरली आणि ‘पॅराबेन फ्री’ लेबलं आली. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर बंदी घातली, बाकीच्यांना मर्यादा ठेवली.

दरम्यान पर्याय म्हणून मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला. त्वचेची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी त्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं. न धुता अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये तर युरोपने २०१७ पासून ते बंदच केलं. आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेने पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारा’ म्हणून निवडलं! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता आपल्या ताईंचं. सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट हे सौम्य पर्याय आहेत, पण जेल पुरेसं आम्लधर्मी असेल तरच ते काम करतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, बुरशीला मात्र रोखत नाही. कोणतं टिकाऊ रसायन किती चालेल, हे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ मध्ये आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवानाही लागतो.

हे त्या ताईंना प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत जेल करायला शिकवलं, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला, संपलं. आपल्या दोन्ही तालुक्यांत पुढचं प्रशिक्षण लागेल तेव्हा बायांनी एवढं विचारावं: “साहेब, हे टिकणार कशानं? आणि तपासून कोण देणार?”

तोवर कोरडं उटणं विका, ताई. आजीचं गणित पक्कं होतं.