टाको, तलाव आणि १९३७

सध्या मुक्काम लेकीकडे, कॅलिफोर्नियात. गेल्या शनिवारी सगळ्यांनी मिळून सॅन बर्नार्डिनोला 'मिटला कॅफे'त टाको खायला जायचं ठरलं. नात पोहण्याच्या तासावरून थेट गाडीत बसली, केस ओलेच. मी म्हटलं, टाको काय, मक्याची भाकरी दुमडून खायची, त्यासाठी इतक्या लांब कशाला?

पण हॉटेल खरंच भरलेलं. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं आणि आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखा कलकलाट. आमच्या ताटातले टाको म्हणजे तळून कुरकुरीत केलेली मक्याची पोळी, वर कोबीसारखा पाला, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चीज. इतरांनी आत खिमा घेतला, मी घेवड्यावर भागवलं.

हे हॉटेल १९३७ साली लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी सुरू केलं. समोरच्या बाजूला ग्लेन बेल नावाच्या माणसाचा हॅम्बर्गरचा ठेला होता. तो इथे येऊन टाको खायचा. ते कसे करतात हे त्याने शिकून घेतलं आणि १९६२ मध्ये 'टाको बेल' काढलं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. असो.

मला खरं अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. १९४० च्या दशकात या गावातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. कर भरायचा, पण पाण्यात उतरायचं नाही! तेव्हा गावातली मंडळी याच हॉटेलात बैठका घेत. 'एल एस्पेक्तादोर' या वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ आणि इतरांनी नगरपालिकेवर खटला भरला आणि १९४४ मध्ये न्यायालयाने तलाव सर्वांना खुला करायला लावला. त्यांचे वकील डेव्हिड मार्कस. पुढे मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा मेंडेझ खटलाही त्यांनीच लढवला. शाळांतली वर्णभेदी विभागणी देशभर घटनाबाह्य ठरायला मात्र १९५४ उजाडलं.

पाण्यासाठी कोर्टात! घास हातातच राहिला. महाडचं चवदार तळं कुणाला आठवणार नाही? बाबासाहेब तिथे पाणी प्यायले २० मार्च १९२७ रोजी. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला, म्हणजे बाईंनी हॉटेल काढलं त्याच वर्षी.

नातीने विचारलं, "आजी, तू पाहिलंयस ते तळं?"

पाहिलंय तर. शाळेच्या सहली घेऊन कितीदा गेले. पायऱ्यांवर मुलांना बसवून सत्याग्रहाची गोष्ट रंगवून सांगायचे आणि १९२७ वरच थांबायचे, कारण पाठ्यपुस्तक तिथेच थांबायचं. नंतर दहा वर्षं कोर्टात हेलपाटे झाले, हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. नातीला मात्र ते सगळं सांगत बसले. तोवर तिने माझा दुसरा टाको संपवला होता.