सेलिलोची सकाळ : एका मत्स्यजीवी समाजाची कहाणी

ज्या ज्ञातीचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर चालत आला, तिने केवळ स्वतःचाच नव्हे, तर दूरदेशीच्या समव्यवसायी समाजांचाही इतिहास जाणून घेणे हिताचे असते. याच हेतूने अमेरिकेतील कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा आणि तेथील मूळ रहिवासी यांची हकीकत आपणां कोळी बंधुभगिनींसमोर ठेवीत आहे.

या हकीकतीच्या केंद्रस्थानी सामन मासा आहे. मुंबईच्या बाजारात रावसालाच इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु दोघांचे कूळ भिन्न. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीकडे वळतो. आपल्याकडील पाला मासाही समुद्रातून नदीत चढतो, हे जाणत्यांना ठाऊक आहेच. मात्र कोलंबियातील चिनूक जातीचा सामन एकदा अंडी घातल्यावर जिवंत राहत नाही. त्याची ही यात्रा पहिली आणि अखेरचीच.

समुद्रापासून सुमारे २०० मैलांवर ही विशाल नदी काळ्या कातळांच्या अरुंद घळींतून कोसळत असे. तोच सेलिलो. वर चढणाऱ्या माशाला येथे उड्या घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणूनच हजारो वर्षे या परिसरात मासेमारी आणि व्यापार भरभराटीस आला. ऑक्टोबर १८०५ मध्ये लुईस व क्लार्क हे प्रवासी येथून गेले, तेव्हा वाळवून कुटलेला सामन टोपल्यांत ठासून भरून ठेवण्याची रीत पाहून त्यांनी तिची नोंद करून ठेवली.

शरदातील एखादी सकाळ कशी असे, ते पाहा. उजाडताच पुरुष कातळाच्या कडेवर बांधलेल्या लाकडी माच्यांवर उतरत. प्रत्येक माची अमुक एका घराण्याची. बापाकडून मुलाकडे आलेली. परक्याने तेथे उभे राहायचे तर घरधन्याची अनुज्ञा हवी. खाली पाणी असे उसळत असे की पाय घसरला तर माणूस हाती लागणे कठीण. म्हणून कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक भक्कम आधाराला अडकवीत. मग लांब दांड्याचे, तोंडाला कडे असलेले जाळे फेसाळ पाण्यात बुडवायचे, प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे आणि धक्का जाणवताच वर ओढायचे. तीस-चाळीस पौंडांचा तडफडणारा मासा अशा जागी वर घेणे हे बळाबरोबरच कसबाचेही काम होते. काठावर स्त्रिया मासे चिरून पातळ काप करीत आणि खोऱ्यातील कोरड्या वाऱ्यावर वाळत घालीत. वृद्धांचा वाटाही विसरला जात नसे.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे तेथील शिस्त. मासेमारी केव्हा सुरू करावी व केव्हा थांबवावी, हे वायाम लोकांचा नायक ठरवीत असे. रात्री जाळे टाकायचे नाही, असा दंडक होता. वसंतात पहिला सामन आला की सर्वांनी मिळून त्याचा सन्मानपूर्वक प्रसाद घ्यायचा आणि मगच हंगामाला आरंभ करायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून होड्या न लोटणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही रीत परकी वाटली नसती.

१८५५ साली अमेरिकन सरकारने या जमातींशी तह केले. त्यांनी विस्तीर्ण भूमी सोडली, परंतु आपल्या नेहमीच्या व वहिवाटीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क लेखी राखून ठेवला. पुढे १८६६ पासून डबाबंद सामनाचे कारखाने निघाले, प्रवाहात यांत्रिक चक्रे बसून मासे उपसू लागली आणि जमीनमालकांनी नदीकडे जाणाऱ्या वाटा अडविल्या. तंटा वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोचला. १९०५ मध्ये विनन्स खटल्यात निर्णय झाला की, हा हक्क सरकारने दिलेले दान नसून त्या लोकांनी स्वतःपाशी राखलेली वस्तू आहे. खाजगी मालकीने तो बुडत नाही.

न्यायालयात टिकलेला हक्क धरणापुढे मात्र टिकला नाही. बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये झाले. त्यात माशांसाठी पायऱ्या तरी होत्या. ग्रँड कूली धरणात त्याही नव्हत्या, त्यामुळे नदीचा वरचा भाग सामनाला कायमचा मिटला. अखेर १० मार्च १९५७ रोजी डॅलस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांतच सेलिलो पाण्याखाली गेला. वृद्ध नायक टॉमी थॉम्पसन यांनी धरणाला अखेरपर्यंत विरोध केला. १९५९ मध्ये ते निवर्तले. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ६८ लक्ष डॉलर भरपाई मिळाली. परंतु माची गेली, ती कोणत्या रकमेने परत यावी?

तथापि कथा येथे संपत नाही. तहाचा कागद त्यांनी जपला होता. त्याच्याच आधारे १९६९ मध्ये न्यायाधीश बेलोनी यांनी कोलंबियातील माशांत जमातींना न्याय्य वाटा देवविला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पश्चिम वॉशिंग्टनमधील जमातींचा वाटा निम्म्यापर्यंत ठरविला आणि १९७९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो मुख्यतः मान्य केला. १९७७ मध्ये कोलंबियाकाठच्या चार जमातींनी एकत्र येऊन स्वतःचे मत्स्यमंडळ स्थापिले. ते माशांच्या पुनर्वृद्धीसाठी झटत आहे. २००८ च्या ध्वनिलहरी-पाहणीत दिसून आले की बुडालेले कातळ अद्याप जसेच्या तसे उभे आहेत.

आपल्या समाजाने यातून काय घ्यावे? आपल्या वहिवाटीही बहुधा तोंडीच चालत आल्या आहेत. खुटा कोणाचा, सुकवणीची जागा कोणाची, हे गावातील वृद्ध सांगतात आणि त्यांच्यामागे ते सांगणारा उरत नाही. बंदर, भराव अथवा पूल यांची योजना दारी येते, तेव्हा मात्र पुरावा कागदाचाच मागितला जातो. म्हणून प्रत्येक कोळीवाड्यातील तरुणांनी वडीलधाऱ्यांपाशी बसून या जागा, त्यांची नावे व रूढी लिहून काढाव्यात, जुने दाखले जपावेत आणि वाड्यावाड्यांतील किरकोळ मतभेद बाजूस ठेवावेत. सेलिलोकरांचा धबधबा गेला. परंतु कागद आणि एकी यांच्या बळावर त्यांच्या पुढल्या पिढ्यांच्या हाती जाळे राहिले. आपल्या मुलाबाळांच्या हातीही ते राहावे, हीच दर्यादेवापाशी प्रार्थना.