उरल्या तुकड्यांचं यंत्र

लंडनच्या थॉमस हॅनकॉकपुढे १८२० साली एक साधा प्रश्न उभा होता. कापून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं? हा गृहस्थ मूळचा घोडागाड्यांच्या धंद्यातला. पावसात उघड्यावर बसणाऱ्या प्रवाशांचं अंग कोरडं ठेवणारं कापड करता येईल का, या विचाराने तो रबराकडे वळला. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने पेटंट घेतलं ते मात्र रबराच्या ताणपट्ट्यांचं. हातमोज्यांची मनगटं, कमरेचे पट्टे, अगदी खिशांची तोंडंसुद्धा त्याच्या यादीत होती. खिशाला पट्टी लावली की खिसेकापूचा हात सहज आत जाणार नाही, अशी त्याची कल्पना. ब्राझीलहून येणारं रबर तेव्हा बाटल्यांच्या आणि बुटांच्या आकारात यायचं. त्यातून सरळ लांब पट्टी काढायची तर वाकडातिकडा भाग बाजूला पडणारच. माल महाग होता आणि बाजूला पडणारा ढीग रोज वाढत होता.

रबर कापता कापता हॅनकॉकच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ताजे कापलेले दोन काठ एकमेकांवर दाबले की ते पक्के चिकटतात. हवा लागून जुनी झालेली बाहेरची बाजू मात्र चिकटत नाही. मग तुकडे बारीक फाडले तर ताजे काठ पुष्कळ मिळतील आणि सगळं एकत्र दाबून पुन्हा ठोकळा करता येईल, असा त्याने हिशेब बांधला. फाडण्यासाठी यंत्र केलं ते लाकडी, हाताने फिरवायचं. आतून दाते असलेली पोकळ नळी, तिच्यात दात्यांचाच एक रोल. पहिल्या वेळी त्यात मावलं अवघं दोन औंस रबर, म्हणजे साठ ग्रॅमही नाही.

चुरा निघेल अशी अपेक्षा होती. पण दांडा फिरवताना जोर कमी लागण्याऐवजी वाढतच गेला. उघडून पाहिलं तर तुकडे एकमेकांत मिसळून त्यांचा एक गोळा झालेला, आणि तो चांगला तापलेला. गोळा कापला तेव्हा आत संगमरवरासारखे पट्टे दिसले. पुन्हा यंत्रात घालून फिरवल्यावर पट्टेही गेले आणि सगळा गोळा एकजीव झाला. फाडायला केलेलं यंत्र मिसळायला लागलं होतं.

आज आपल्याला यामागचं कारण माहीत आहे. रबर म्हणजे फार लांबलांब रेणूंचा गुंता. दात्यांमध्ये सापडून तो ताणला, फाटला की रेणू तुटून आखूड होतात, रबर मऊ पडतं, आणि मग त्यात दुसरं काही मिसळता येतं. कणीक मळल्यावर चिवट होते. रबर मळल्यावर उलट नरमतं. हॅनकॉककडे रेणूंचं शास्त्र नव्हतं. हाताला लागलेला जोर, गोळ्याची ऊब आणि कापलेल्या भागाचा रंग, एवढ्यावर त्याने ताडलं की आपल्या हाती मोठी गोष्ट लागली आहे.

म्हणून त्याने ती लपवली. कारखान्यात या यंत्राला ‘पिकल’, म्हणजे लोणचं, असं टोपणनाव दिलं आणि कामगारांकडून गुप्ततेची शपथ घेतली. पेटंट घ्यायचं तर यंत्राची रचना लिहून द्यावी लागते, ते त्याने १८३७ पर्यंत टाळलं. दरम्यान यंत्र लाकडाचं लोखंडी झालं, हाताऐवजी घोडे आले, घोड्यांनंतर वाफ. दोन औंसांपासून सुरू झालेलं हे लोणचं १८४०च्या सुमारास एका वेळी सुमारे दोनशे पौंड रबर मळत होतं. रबर उद्योगातलं मिसळण्याचं पहिलं यंत्र असं कचऱ्याच्या काळजीतून जन्माला आलं. बचत त्याला नंतर चिकटवलेली नाही. ती त्याच्या जन्माचं कारण आहे.

त्याच काळात ग्लासगोचा चार्ल्स मॅकिंटॉश शहराच्या गॅस कारखान्याचं टाकाऊ डांबर विकत घेत होता. त्याला त्यातून अमोनिया हवा होता, रंग बनवण्यासाठी. अमोनिया काढल्यावर नाफ्था हाती उरे. त्या नाफ्थ्यात रबर विरघळतं हे त्याला दिसलं आणि दोन कापडांच्या मध्ये तो थर देऊन १८२३ साली त्याने रेनकोटच्या कापडाचं पेटंट घेतलं. हॅनकॉकने पुढे त्याच्याकडून परवाना घेतला. आपलं मळलेलं रबर न मळलेल्या रबरापेक्षा थोड्या नाफ्थ्यात विरघळतं आणि द्रावण जास्त दाट होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. जितका नाफ्था कमी, तितका हवेत उडून जाणारा माल कमी. नीट मळल्याने दुसराच पदार्थ वाचतो, हा धडा त्या दिवसांतला आहे.

अमेरिकेत एडविन चॅफीने १८३६ साली त्यापुढची उडी मारली. रॉक्सबरीच्या रबर कंपनीसाठी त्याने तापलेल्या लोखंडी रोलांचं यंत्र केलं. रोल वेगवेगळ्या गतीने फिरत, त्यांच्या फटीत रबर रगडलं जाई आणि कोणतंही द्रावण न वापरता कापडावर थर बसे. या अवजड यंत्राला लोक ‘मॉन्स्टर’ म्हणत. कंपनी मात्र टिकली नाही. उन्हाळ्यात तिचा माल वितळून चिकट झाला आणि परत आला.

त्या वितळण्यावर उपाय सापडला गंधकाचा. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली अमेरिकेत रबर, गंधक आणि उष्णता यांचा मेळ घातला, आणि हॅनकॉकने गुडइयरच्या मालाचे नमुने पाहून १८४३ मध्ये इंग्लंडात स्वतःचं पेटंट दाखल केलं. गंधक रबराच्या रेणूंना एकमेकांशी बांधून टाकतं. उन्हात वितळत नाही, थंडीत तडकत नाही असं रबर त्यामुळे मिळालं, आणि पुढे टायरही मिळालं. पण याची किंमत जबर होती. बांधलेलं रबर पुन्हा मळता येत नाही. हॅनकॉकच्या यंत्राने तुकड्यांसाठी जे दार उघडलं होतं, ते शिजवलेल्या रबराला बंद झालं. या उद्योगातल्या कचऱ्याचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो. शिजण्याआधी चुकलेलं रबर परत घेता येतं, शिजल्यावर नाही. म्हणून नासाडी थांबवायची खरी जागा म्हणजे मिसळण्याची जागा.

चॅफीच्या रोलांची वंशज आजही महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींतल्या रबराच्या शेडमध्ये फिरताना दिसते. तिला मिक्सिंग मिल म्हणतात. दोन आडवे रोल, पुढचा हळू आणि मागचा जरा वेगात, मध्ये काही मिलिमीटरची फट. रबराचा पट्टा पुढच्या रोलावर चढतो. कामगार त्यावर कार्बन, झिंक ऑक्साइड, तेल सोडतो, सुरीने पट्टा तिरका कापतो, डावीकडचा भाग उजवीकडे दुमडतो, पुन्हा फटीत घालतो. खाली पत्र्याची पाटी असते. फटीतून गळलेली पूड तीत पडते आणि कामगार ती झाडून पुन्हा वर टाकतो. ही पाटी झाडणं बघताना क्षुल्लक वाटतं, पण बॅचचं वजन त्यावरच जमतं. पाटीत राहिलेला कार्बन म्हणजे मालात कमी पडलेला कार्बन, आणि तेवढा रबराचा जोर कमी. उरलेली पूड हवेत जाते, कामगाराच्या छातीत जाते. हात फटीत जाण्याची भीती वेगळीच. म्हणून डोक्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर थांबवण्याचा दांडा असलाच पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्बन, म्हणजे काजळी, मिसळल्याने रबर कितीतरी टिकाऊ होतं हे इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात लक्षात आलं. टायरचं आयुष्य त्यामुळे वाढलं, आणि त्याबरोबर उघड्या मिलवरची काळी धूळही वाढली. फर्नली बॅनबरी हा कॉर्नवॉलमध्ये जन्मलेला इंजिनिअर तेव्हा अमेरिकेत मळण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. १९१६ मध्ये त्याने बंद पेटीचं यंत्र पेटंट केलं आणि कनेक्टिकटमधल्या डर्बीच्या बर्मिंगहॅम आयर्न फाउंड्रीने ते बनवलं. पेटीत दोन पिळदार रोटर उलट दिशांनी फिरतात आणि वरून एक वजनदार दांडा मालाला खाली दाबून धरतो. मिलवर अर्धा तास लागणारी बॅच काही मिनिटांत व्हायला लागली आणि पूड पेटीतच राहिली. आज टायर कारखान्यांत मिसळण्याच्या खात्याला बॅनबरी असंच म्हणतात.

या पेटीचं वागणं जवळून पाहण्यासारखं आहे. ती काठोकाठ भरली तर माल मिसळत नाही. साधारण ७० ते ७५ टक्केच भरावी लागते, कारण रबराला एका रोटरकडून दुसऱ्याकडे जायला, दुमडायला रिकामी जागा हवी. कमी भरली तर माल नुसता घसरतो, वीज वाया जाते आणि काजळीच्या गुठळ्या फुटत नाहीत. गुठळी दिसत नाही, पण टायरमध्ये तडा जायला सुरुवात होते ती अशाच ठिकाणी. लवकर फाटलेलं टायर म्हणजे लवकर झालेला कचरा. त्याची तारीख मिक्सरमध्येच ठरलेली असते.

दुसरा धोका तापण्याचा. पहिल्या फेरीत माल १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला तरी चालतं, पण गंधक घालायची शेवटची फेरी १०० ते ११० अंशांच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. गेली तर रबर साच्यात पोचण्याआधीच शिजू लागतं. याला कामगार स्कॉर्च म्हणतात. स्कॉर्च झालेली बॅच हे शेडमधलं सर्वांत महाग नुकसान. रबर, कार्बन, तेल, वीज आणि पाळीचा वेळ, सगळं एका फटक्यात भंगारात. याउलट न शिजलेलं रबर, कडेच्या पट्ट्या, चुकलेल्या मापाच्या शीट, हे सगळं ठरावीक प्रमाणात पुढच्या बॅचमध्ये परत घालता येतं. चांगले कारखाने ते रोज वजन करून घालतात. दोनशे वर्षांपूर्वीची हॅनकॉकची रीत तशीच चालू आहे.

१९९२ मध्ये मिशेलिनने काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरलेलं टायर बाजारात आणलं. ते कमी ताकदीत फिरतं, म्हणून गाडीचं इंधन वाचतं. पण सिलिका रबराशी सहजी जुळत नाही. तिला सिलेन नावाच्या दुव्याने जोडावं लागतं आणि ही रासायनिक क्रिया मिक्सरमध्येच, १४० ते १६० अंशांच्या दरम्यान पुरेसा वेळ राखून घडवावी लागते. रस्त्यावर वाचणाऱ्या इंधनाचा एक मोठा भाग असा त्या बंद पेटीतल्या काही मिनिटांवर अवलंबून असतो.

शिजून झिजलेल्या टायरचं काय? १८५८ साली हायरम हॉलने आणि १८९९ मध्ये आर्थर मार्क्सने शिजलेलं रबर मऊ करण्याच्या पद्धती काढल्या. टायरचा चुरा करायचा, तार-धागे वेगळे काढायचे, दाबाखाली तापवायचं आणि घट्ट फटीच्या रोलांतून रगडायचं. मिळणारं रिक्लेम रबर नव्याच्या बरोबरीचं नसतं, पण चटया, ट्यूब आणि बैलगाडीच्या टायरांतही थोडंथोडं खपतं. फिनिक्सचे इंजिनिअर चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६०च्या दशकात हा चुरा तापलेल्या डांबरात पाऊण-एक तास ढवळत ठेवला आणि रस्त्यासाठी लवचिक डांबर मिळवलं. वेळ न देता नुसतं घोळलं तर चुरा डांबरात फुगत नाही, आणि रस्त्याला त्याचा फायदाही होत नाही. अलीकडे दुहेरी स्क्रूच्या एक्सट्रूडरमध्ये रगडून गंधकाचे बंध तोडण्याचे प्रयोग चालू आहेत. बंद झालेलं दार उघडण्याचं कामही मळणाऱ्या यंत्राकडेच आलं आहे. टायर भट्टीत तापवून तेल काढण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी पटीने बरी वाटते. भट्टीच्या शेजारच्या गावाला धूर सोसावा लागतो आणि रबर म्हणून रबर संपतं ते संपतंच.

आपल्याकडे जुलै २०२२ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी जुन्या टायरांची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के. भट्टीसाठी परदेशातून जुनी टायरं आणायलाही बंदी आली. हे योग्यच झालं. पण हा हिशेब टायर रस्त्यावरून उतरल्यावर सुरू होतो. मिक्सिंगच्या शेडमध्ये काय वाया गेलं, ते लिहून ठेवणं मालकाच्या मनावर आहे. गॅस्केट, चपलांचे सोल, पाइप, बुश बनवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या उद्योजकांना माझी एवढीच विनंती: प्रत्येक बॅचचं चढलेलं वजन, उतरलेलं वजन, बाहेर पडतानाचं तापमान आणि स्कॉर्च झालेले किलो, हे चार आकडे दर पाळीला मिलशेजारच्या फळ्यावर लिहा, आणि ते कामगारांना मोठ्याने वाचून दाखवा.