जी. सी. बी. आणि वऱ्हाड : एका कोटीची परीक्षा

हैदराबाद व वऱ्हाड यांच्या इतिहासांत एक इंग्रजी कोटी प्रसिद्ध आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांस इ. स. १९०३ च्या आरंभीं, दिल्ली दरबाराच्या प्रसंगीं, 'जी. सी. बी.' ही पदवी मिळाली. तिच्या तीन अक्षरांचा अर्थ लोकांनीं 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे 'कर्झनास वऱ्हाड देऊन टाकला', असा लाविला. प्रस्तुत लेखकानें शिक्षकी पेशांत असतां ही कोटी इतिहास म्हणूनच वर्गांत अनेकदां सांगितली. ती कितपत खरी, हें बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीनें तपासणें, हा या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम पदवीचें स्वरूप पाहूं. 'ऑर्डर ऑफ द बाथ' या मानमंडळाच्या इ. स. १८१५ पासून तीन श्रेणी आहेत. 'नाइट ग्रँड क्रॉस' ही त्यांतील सर्वोच्च. तिच्या खालीं 'नाइट कमांडर' व 'कंपॅनियन' या येतात. वरच्या दोन श्रेणींतील ब्रिटिश पुरुषाच्या नांवापूर्वीं 'सर' हें उपपद लागतें. ग्रँड क्रॉसचीं चिन्हें अशीं : उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा किरमिजी पट्टा, त्यास लटकणारें पदक, छातीवर डावीकडे तारा, आणि समारंभासाठीं सोन्याचा कंठा व किरमिजी झगा. 'बाथ' म्हणजे स्नान. मध्ययुगांत योद्ध्यास दीक्षा देण्यापूर्वीं स्नान घालीत, त्यावरून हें नांव पडलें. आपल्याकडे समावर्तनाच्या वेळीं स्नान करून ब्रह्मचारी 'स्नातक' होई, त्याची येथें आठवण होते. परंतु स्नातकत्व अध्ययनाच्या समाप्तीनें येतें, राजाच्या मर्जीनें नव्हे.

या मंडळाची स्थापना पहिल्या जॉर्जनें इ. स. १७२५ मध्यें केली. त्याच वर्षीं दिल्लीच्या महंमदशहानें निजामुल्मुल्कास 'आसफजाह' हा किताब दिला. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १७२४ मध्यें, आजच्या बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें निजामानें मुबारिझखानाचा पाडाव करून दक्षिणेंत आपली सत्ता स्थिर केली होती. आसफजाही किताब या भूमीवरील विजयाच्या पाठोपाठ आला. बाथचा पट्टा त्याच भूमीच्या त्यागाच्या पाठोपाठ आला.

तो त्याग एका दिवसांत घडला नाहीं. इ. स. १८५३ च्या तहान्वयें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोंपविण्यांत आला. १८६० च्या तहानें रायचूर दुआब व धाराशिव परत गेले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें तो सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीनें कायमच्या पट्ट्यावर देण्यांत आला. एक पट्टा लिहून दिला, आणि दोन महिन्यांच्या आंत दुसरा खांद्यावर आला!

तरीही कोटी म्हणजे पुरावा नव्हे. किंमत करारांतच लिहिलेली आहे. शिवाय निजामांस 'जी. सी. एस. आय.' ही मोठी पदवी १८८४ पासूनच होती. एका किरमिजी पट्ट्याच्या मोहानें प्रांत गेला असें म्हणणें म्हणजे पन्नास वर्षांचा दबाव विसरणें होय. त्याहून मोठा दोष असा कीं, या कोटींत देणारा व घेणारा असे दोघेच आहेत. ज्यांची भूमि दिली ती रयत तींत नाहीं. मेहकर, चिखली वा मलकापूरच्या कुणब्यास १८५३ मध्यें कोणीं विचारिलें नाहीं, १९०२ मध्येंही नाहीं. १९०३ मध्यें प्रांत मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखालीं गेला, आणि १९०५ मध्यें खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्यांतून काढून बुलढाण्यास जोडले, तेंही वरूनच.

इ. स. १९३६ च्या करारानें निजामांच्या किताबांत 'वऱ्हाड' हा शब्द दाखल झाला, आणि युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणूं लागले. कारभार मात्र पूर्ववत् मध्यप्रांत सरकारकडेच राहिला. भूमि गेली ती गेली; परत आलें तें नांव. पुढें १९५० मध्यें अमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदानें लष्करी व शैक्षणिक उपाधींखेरीज इतर किताब देण्याची प्रथाच बंद केली.

म्हणून शिक्षकबंधूंस सुचवावेंसें वाटतें कीं, ही कोटी वर्गांत अवश्य सांगावी, मुलें हंसतील. परंतु हंसूं ओसरल्यावर त्यांस १८५३ व १९०२ हीं दोन सालें सांगावीं, आणि त्या दोन्ही कागदांवर आपल्या गांवच्या एकाही माणसाची सही नाहीं, हेंही सांगावें.