निळं कोण, पांढरं कोण

फ्रान्सच्या कान शहरातलं ऊन तुम्हाला सोसवत नाही आणि त्यांनाही. १९५२चा उन्हाळा. सूर मारणारी पोरं बघायची म्हणून ८२ वर्षांचे चित्रकार आंरी मातीस हौसेनं पोहण्याच्या तलावाकाठी आले खरे, पण पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसायला लागली तसे माघारी फिरले. फिरताना मात्र ठरवून टाकलं : तलाव आता घरातच करायचा.

तुम्ही त्यांच्यामागोमाग नीसला, सिमिए टेकडीवरच्या होटेल रेजिनात येता. राणी व्हिक्टोरियाच्या मुक्कामांसाठी उभारलेला हा अवाढव्य वाडा; आता त्याचे फ्लॅट पाडलेत. जेवणाच्या खोलीत पाऊल टाकता आणि चमकता. भिंतींना चक्क गोणपाट! तुम्हाला वाण्याचं दुकान आठवतं. इथे ती भिंती सजवायची चाल आहे.

लिडिया डेलेक्तोर्स्काया, वीस वर्षांपासूनची त्यांची मदतनीस, त्या गोणपाटावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावून घेते आहे. म्हाताऱ्याच्या डोक्याच्या जरा वर, खोलीभर चौफेर. दार आणि खिडकी आली की तेवढी तुटलेली. तलावाचा काठ म्हणा, किंवा पाणी म्हणा. नक्की काय, हे अजून ठरलेलं नाही.

निळे कागद आधीच तयार आहेत. मदतनीस कोऱ्या कागदांवर गॉश फासून ते वाळवून ठेवतात. गॉश म्हणजे आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ. जवळून बघा, ब्रशचे फराटे दिसतील.

मातीस कागद उचलतात. १९४१ साली आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून बराचसा मुक्काम अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत. पेन्सिलची रेघ नाही, खूण नाही. कात्री थेट कागदात शिरते. तुमचं लक्ष उजव्या हाताकडे. पण खरी करामत डाव्याची आहे. कात्री जेमतेम पुढे सरकते, वळत राहतो तो कागद. खांदा येतो, कंबर येते, लांब ताणलेला पाय येतो. एक तुकडा हातात राहतो, दुसरा मांडीवरून घरंगळत खाली. तुम्ही कचरा समजून तो उचलायला वाकता.

थांबा. त्या तुकड्याची कड बघा. हातातल्या खांद्याचा फुगवटा तिथे खळगा होऊन बसलाय. एकाच कापानं दोन आकार झाले आणि कड दोघांत एकच, दोन वावरांमधल्या बांधासारखी. बांध कुणाचा, यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. डोळ्यांच्या कोर्टात मात्र निकाल तत्काळ लागतो. १९१५ साली कोपनहेगनच्या मानसशास्त्रज्ञ एडगर रूबिन यांनी आपल्या प्रबंधात हाच कज्जा मांडला. फुलदाणी की समोरासमोरचे दोन चेहरे, हे त्यांचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल. ज्या बाजूला कड मिळते ती आकृती होते; दुसरी बाजू बिनआकाराची होऊन तिच्या मागे पसरते. दोघींना एकदम कड मिळत नाही.

मातीस निकाल लागू देत नाहीत, एवढीच त्यांची खोडी.

बघा ना. लिडियाच्या देखरेखीखाली तुकडे टाचण्यांनी पट्टीवर चढताहेत. मातीस बसल्या जागेवरून हातानं सांगतात : वर, अजून थोडं, नको, खाली. पहिली पोहणारी सरळ आहे, निळं अंग, पांढरं पाणी. तुम्ही निर्धास्त होता. चार पावलं पुढे जाता आणि गडबडता. इथे निळं म्हणजे उसळलेलं पाणी, आणि अंग पांढरं. ते कुणीच कापलेलं नाही! आजूबाजूचं पाणी कापलं, तेव्हा उरलेल्या जागेला देह आला. मागे वळून पहिलीकडे बघता तर तीही आता भरवशाची राहिलेली नाही. त्यात कुठे एखादा हात पट्टी ओलांडून गोणपाटावर गेलाय. तो पाण्याबाहेर आला, की खोलीत?

‘हे तर माझं पोरगंही करील,’ असं तुमच्यातलं कुणीतरी पुटपुटणार, म्हणून सांगतो. याच वर्षी त्यांनी चार निळ्या बैठ्या स्त्रिया कापल्या. चौथा क्रमांक मिळालेली खरं तर पहिली, आणि तिच्यापायी पंधरवडा गेला, वहीभर अभ्यासचित्रं झाली. मग बाकीच्या भराभर उतरल्या. त्या बाईच्या मांडी-पोटरीमधल्या पांढऱ्या फटी नीट बघा; सांधे तिथे आहेत. फट केसभर रुंद झाली तर पाय निखळेल, बुजली तर बाईचा दगड होईल. पोरानं अवश्य करून बघावं. घोटीव कागद स्वस्त आहे.

खिडकीतून वारा येतो. टाचणीच्या आधारानं लटकलेले निळे पाय फडफडतात.

आता डोळे मिटा आणि २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये उघडा. मातीस १९५४ला गेले. हा तलाव १९७५ साली मोमा संग्रहालयानं विकत घेतला. निळा तसाच टिकला, पण गोणपाट काळवंडत गेलं आणि पांढरा कागद पिवळट पडला. मागची बाजू म्हातारी झाली तशी पुढची मंडळी तिच्यात अडकून पडली. मग जाणकारांनी ते काळवंडलेलं गोणपाट निगुतीनं सोडवून नवं, फिकट लावलं. कुणाला वाटेल, चित्राला हात न लावता नुसतं अस्तर बदललं. मला तसं वाटत नाही.

पट्टीही पुन्हा तेव्हाच्याच उंचीवर आहे. निळ्यात टाचण्यांची बारीक भोकं शोधत तुम्ही मान वर करता, आणि लक्षात येतं की सगळी पोहणारी माणसं तुमच्या डोक्यावरून चालली आहेत. काठावर तुम्ही कधी नव्हताच.