एकलहरे औष्णिक विद्युत केंद्र

महाराष्ट्र राज्यातील जुन्या कोळसा-आधारित वीज केंद्रांपैकी एक. ते नाशिक तालुक्यात, नाशिकरोड रेल्वे स्थानकाच्या ईशान्येस सुमारे ६ किमी.वर, गोदावरीकाठी एकलहरे गावाजवळ आहे. कागदोपत्री ‘नाशिक औष्णिक विद्युत केंद्र’ असे नाव असले, तरी पंचक्रोशीत त्यास ‘एकलहरे थर्मल’ म्हणतात. मध्य रेल्वेचा इगतपुरी–भुसावळ लोहमार्ग जवळून जातो. ओढा हे नजीकचे लहान स्थानक होय. मालकी महानिर्मिती (महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी) हिची आहे. स्थापित क्षमता ९१० मेगावॉट (मूळ). पहिले दोन संच मोडीत निघाल्यानंतर ६३० मेगावॉट.

इतिहास : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, त्यानंतरच्या काळात मुंबईबाहेरील पश्चिम महाराष्ट्राची वाढती भिस्त कोयना जलविद्युत प्रकल्पावर होती. जलविद्युत पावसाच्या मानावर अवलंबून असल्याने तिला औष्णिक विजेची जोड देणे मंडळास आवश्यक वाटू लागले. नाशिकरोडची सरकारी मुद्रणालये ब्रिटिश काळापासूनच होती. १९६० च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना यांची भर पडून जिल्ह्याची विजेची गरज झपाट्याने वाढली. गोदावरीचे व गंगापूर धरणाचे पाणी, हाताशी असलेला मुख्य लोहमार्ग आणि जवळच असलेले ग्राहक या तीन गोष्टी एकलहऱ्याच्या पथ्यावर पडल्या. खाणी मात्र दूर विदर्भात होत्या. पहिल्या टप्प्यातील प्रत्येकी १४० मेगावॉटचे दोन संच (संच म्हणजे बाष्पित्र, टर्बाइन व जनित्र यांची स्वतंत्रपणे चालणारी साखळी) १९७० व १९७१ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच अनुक्रमे १९७९, १९८० व १९८१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांची मुख्य यंत्रसामग्री भेल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची आहे. पहिल्या दोन संचांची क्षमता वयोमानानुसार पुढे १२५ मेगावॉटपर्यंत उतरविण्यात आली, त्यामुळे काही सरकारी तक्त्यांत केंद्राची क्षमता ८८० मेगावॉट अशी आढळते. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मितीकडे आले.

रचना व कार्य : रेल्वेने आलेल्या कोळशाच्या वाघिणी टिपलर या यंत्रावर चढवून जागच्या जागी उलट्या केल्या जातात, खाली पडलेला कोळसा पट्ट्यांवरून चक्क्यांकडे जातो, तेथे त्याची पिठासारखी भुकटी होते आणि ती बाष्पित्रात हवेच्या झोताबरोबर जाळली जाते. तयार होणारी सुमारे ५३५° से. तापमानाची वाफ टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे या वेगाने फिरविते. २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालल्यास दिवसाकाठी साडेतीन हजार टनांच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने मालगाडीचा एक पूर्ण रेक, कोळसा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असल्याने राखेची विल्हेवाट हा स्वतंत्र उद्योगच होऊन बसतो. पाण्यात कालवलेली राख नळांवाटे राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. कोरडी राख सिमेंट व विटांसाठी उचलली जाते. पाणी नदीवरील बंधाऱ्यातून घेतले जाते. हा बंधारा नाशिक शहराच्या खालच्या अंगास असल्याने शहराचे सांडपाणी व उन्हाळ्यात फोफावणाऱ्या पाणवेली त्याच्या फुगवट्यात साचतात. राष्ट्रीय वीजदर धोरणाने (२०१६) ५० किमी.च्या आतील मलनिस्सारण केंद्रांचे प्रक्रिया केलेले पाणी वापरणे औष्णिक केंद्रांस बंधनकारक केले आहे.

निवृत्ती : अशा संचांचे आयुर्मान साधारणतः २५ वर्षे धरले जाते. त्याहून बरीच अधिक वर्षे चालल्यावर पहिले दोन संच २०११ च्या सुमारास कायमचे बंद करण्यात आले आणि त्यांच्या बदली ६६० मेगावॉटचा एक संच उभारण्याचे ठरले. कोराडी येथे जुन्या संचांच्या जोडीला ६६० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, एकलहऱ्याचा प्रस्ताव मात्र रेंगाळला; तो मार्गी लावावा, ही प्रकल्पग्रस्त व कामगार संघटनांची जुनी मागणी आहे. दुसऱ्या टप्प्यातील संचांनीही चाळिशी ओलांडली आहे. त्यांची अडचण केवळ वयाची नाही. राज्यात वीज ‘मेरिट ऑर्डर’नुसार, म्हणजे ज्या केंद्राचा इंधनखर्च कमी त्याची वीज आधी, या क्रमाने घेतली जाते. चंद्रपूर भागातील कोळसा एकलहऱ्यास पोहोचेपर्यंत ६०० किमी.हून अधिक प्रवास करतो. हे भाडे प्रत्येक युनिटवर चढत असल्याने केंद्र या यादीत खाली राहते आणि मागणी घटली की संच ‘राखीव’ म्हणून थंड ठेवावे लागतात. स्थळनिवडीच्या वेळी खाणींपासूनचे जे अंतर परवडण्याजोगे मानले गेले, तेच केंद्राच्या उतरत्या काळात सर्वांत जड पडले. त्यातच डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने गंधक व नायट्रोजन यांची ऑक्साइडे, पारा आणि धूलिकण यांसाठी कडक उत्सर्जन मानके लागू केली. जुन्या संचांवर धुरातील गंधक काढून टाकणारी महागडी यंत्रणा बसविणे किफायतशीर ठरत नसल्याने देशात असे अनेक संच मोडीत काढण्याच्या यादीत गेले. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील (२०१९) मानके न गाठणाऱ्या शहरांत नाशिकचाही समावेश आहे. तथापि वाढत्या मागणीमुळे २०३० पूर्वी कोळशाचे संच निवृत्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय वीज मंत्रालयाने २०२३ मध्ये दिल्याने उरलेल्या तीन संचांना मुदत मिळाली. बदली संचाचा प्रश्न मात्र या सूचनेने सुटलेला नाही.

अर्थव्यवस्था : परिसरात द्राक्षे, ऊस व भाजीपाला ही पिके होतात. केंद्राची कर्मचारी वसाहत, कंत्राटी कामे व राखेपासूनच्या विटा यांवर आसपासच्या गावांतील काही कुटुंबांची उपजीविका चालते.